सकाळची गोळी, संध्याकाळचं आस्कंदाचं दूध

हेमंत गेला तेव्हा मी रडले नाही. दिवसांना आलेल्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींच्या कानाशी लागायच्या. कुणी म्हणे, धक्का बसलाय हिला. कुणी म्हणे, मुलखाची घट्ट आहे. मला ते ऐकू यायचं, पण बोचायचं नाही. जाड ओली गोधडी अंगावर टाकून कुणीतरी मला कोपऱ्यात बसवलंय आणि जगातलं सगळं तिच्या पलीकडून येतंय, असं वाटायचं. नवरा गेल्यावर असंच होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

ते सगळं दुःखाचं नव्हतं, हे कळायला बरेच महिने गेले. ज्यांच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय आणि ज्यांचा थकवा सगळे शोकाच्या नावावर टाकून मोकळे होतायत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझं काय झालं, तेवढंच मला सांगता येईल.

आम्ही तिघं

मी मूळची वसईजवळच्या तुळिंजची. वडील कोकणातून नोकरीसाठी आले आणि तिथे फ्लॅट घेऊन स्थिरावले. लग्न करून मी वसईच्या पश्चिमेला, हेमंतच्या वाडीत आले. केळी, मोगरा, थोडा सोनचाफा, आणि मधोमध बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं आमच्याकडचं तळं. माझी तुळिंजच्या शाळेतली ऑफिसची नोकरी लग्नानंतरही चालू राहिली. आम्हाला मूल झालं नाही. घरात हेमंत, मी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. त्यांचं माहेर चिंचोटीकडचं, भातशेती करणारं. सारा जन्म वसईत काढला तरी पाण्याला त्या पानीच म्हणतात.

हेमंत एका दुपारी केळीच्या बागेत बसला होता तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. आधी काही दिवस तो 'थकलो, थकलो' म्हणत होता. उन्हाळा होता, फुलांचा हंगाम होता, थकणारच माणूस, असं आम्हाला वाटलं.

अंग

तो गेल्यावर मी सुट्टी संपवून शाळेत जायला लागले, पण माझं माझ्यावर राज्य राहिलं नव्हतं. सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसले की तिथेच बसून राहायची. दात घासायला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. हातपाय गार. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. कंगव्यात केसांचे पुंजके. शाळेत टेबलावर डोकं टेकून झोपले तेव्हा मोठ्या बाईंनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावून प्रेमाने सांगितलं, "अजून थोडे दिवस घरी राहा. वेळ जाऊ दे. वेळेसारखं औषध नाही."

मीही तेच मानलं. तुळिंजला माझा मोठा भाऊ असतो. दादा दर रविवारी यायचा, म्हणायचा, "शुभा, घराबाहेर पड जरा. फिरून ये." मी हो म्हणायची आणि तो गेला की आडवी व्हायची.

ऐकलं नाही ते एकट्या आईंनी. एका सकाळी माझ्या पायाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात माझी पर्स आणि चपला.

"बाय, उठ. डॉक्टरकडे जायचंय."

"कशाला आई? मला काही झालं नाहीये."

"तो पन हेच म्हनत होता," त्या म्हणाल्या. "थकलो म्हनत होता. मी म्हटलं, काढा घे. आनि गेला. आता मी कोनाला थकलेलं बघनार नाय."

मी उठले. वाद घालायला लागणारी ताकदही माझ्यात नव्हती, हे त्यातलं खरं कारण.

तपासणीचा दिवस

डॉक्टर बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "हा थकवा कधीपासून?"

"मिस्टर गेले तेव्हापासून."

"नाय," आई मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या. "त्याच्या आधीपासून. गेल्या दिवाळीला ही घरात स्वेटर घालून बसली होती. मला वाटलं फॅशन हाय."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यावर बोटं ठेवली आणि गिळायला सांगितलं. मग रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट समोर ठेवून म्हणाल्या, "तुमची थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ झोपलीय. शरीराचं सगळं काम मंदावलंय. मनाचंसुद्धा."

"म्हणजे मला दुःख झालंय ते... आजारामुळे?"

"दुःख असेलच. पण त्याच्यावर हे येऊन बसलंय. हे उठवू, मग खाली काय आहे ते दिसेल."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी अपमान झाल्यासारखंही वाटलं. माझं सुतकही माझं नव्हतं! नवऱ्यासाठी मी सुन्न झालेय असं जग समजत होतं, मीही समजत होते, आणि ते गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीचं काम होतं.

निघताना मी विचारलं, "हे किती वर्षांपासून असेल?"

"सांगता येणार नाही. काहींना वर्षानुवर्षं असतं, कळत नाही."

"मूल होत नाही, ते पण यामुळे होऊ शकतं?"

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "काही वेळा. तुमच्या बाबतीत तसंच होतं असं आता कुणालाच म्हणता येणार नाही."

आम्ही लग्नानंतर पुष्कळ तपासण्या केल्या होत्या. त्यांत थायरॉइडची होती की नव्हती, मला आठवेना. हेमंतला आठवलं असतं. अशा गोष्टी तो लक्षात ठेवायचा. रिक्षात आई माझ्या शेजारी होत्या. त्यांच्याही मनात तेच होतं, हे त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं त्यावरून मला कळलं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघीही त्याबद्दल बोललो नाही. त्यानंतरही कधी बोललो नाही.

गोळी

सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी. चहा त्यानंतर बऱ्याच वेळाने. आयुष्यभर. नव्याने सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगते की गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं, असं होत नाही. फार हळू फरक पडतो. पहिले काही आठवडे मला वाटायचं, लोकांना लागू पडते, मला पडत नाही. डॉक्टरांनी मध्ये पुन्हा रक्त तपासलं आणि गोळीची ताकद वाढवली. थंडी वाजायची कमी झाली. मन मात्र जागचं हलेना. सकाळ झाली की ती कशासाठी झाली, असा प्रश्न पडायचा.

आईंना हे दिसत होतं. एक दिवस त्या बसने वसईच्या बाजारात गेल्या आणि काष्ठौषधींच्या दुकानातून एक पुडी घेऊन आल्या. मी विचारलं, काय आहे?

"आस्कंद. अश्वगंधा म्हनतात ना, तीच. बाळंतिनीला देतात, खंगलेल्या मानसाला देतात. अंगात बळ येतं, डोकं शांत होतं."

मी मोबाइलवर शोधलं. थायरॉइडच्या थकव्यावर अश्वगंधा, मन उदास असेल तर तुळस, ब्राह्मी. एकीने लिहिलं होतं की तिचं आयुष्यच बदललं. व्हिडिओंना तर अंतच नव्हता. झाडपाला आहे, अपाय काय करणार, असा माझाही हिशेब. डॉक्टरांना विचारायला हवं, हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

आस्कंद

दिवेलागणीला आई दूध तापवायच्या. त्यात चमचाभर चूर्ण, किंचित सुंठ, गूळ. चव मातीसारखी, आणि वास खरंच घोड्याच्या तबेल्यासारखा. मी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं तेव्हा त्या हसल्या. हेमंत गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

मी पेला संपवेपर्यंत त्या समोर पाटावर बसून राहायच्या. त्या वेळात आम्ही बोलायला लागलो. आधी वाडीबद्दल. वाडी आता गावातल्याच एका शेतकऱ्याला कसायला दिली होती, तो मोगरा नीट छाटत नाही वगैरे. मग हेमंतबद्दल. तो लहानपणी बावखलात पडला होता आणि याच बाईने लुगड्यासकट उडी मारून त्याला बाहेर काढलं होतं, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मला झोप लागायला लागली. दिवसाच्या शेवटाकडे काहीतरी वाट बघण्यासारखं आलं. शाळेत मोठ्या बाई म्हणाल्या, "चेहऱ्यावर तजेला आलाय." हे वाढवलेल्या गोळीने झालं, आस्कंदाने झालं, की रोज संध्याकाळी कुणीतरी समोर बसून माझा पेला रिकामा होण्याची वाट बघत होतं त्याने झालं, मी सांगू शकणार नाही. आजही नाही.

आईंनी मात्र निकाल लावून टाकला होता. शेजारणीला सांगायच्या, "डॉक्टरची गोळी एवढीशी. बाकी आस्कंदानं उठवलं तिला." बरं वाटतंय म्हटल्यावर चमच्याचे दोन चमचे झाले.

धडधड

एका दुपारी शाळेत दाखले टाइप करताना माझी बोटं थरथरू लागली. मग छातीत धडधड. जिना चढून आल्यासारखी, आणि थांबेचना. घाम फुटला. काही दिवस आधीपासूनच मी चिडचिडी झाले होते, झोप पुन्हा उडाली होती, पण ते मी मनावर घेतलं नव्हतं. मोठ्या बाईंनी दादाला फोन केला आणि त्याने मला हॉस्पिटलमध्ये नेलं.

रिक्षात मला एकच दिसत होतं: केळीच्या बागेत बसलेला हेमंत. मीही तशीच जाणार. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि आता हे लिहिताना लाज वाटत नाही म्हणून लिहिते, तोवर कितीतरी महिने मी 'मीही गेले तर बरं' असं मनात म्हणत आले होते. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी दादाचा हात घट्ट धरून म्हणत होते, "मला मरायचं नाही रे."

छातीला चिकटपट्ट्या, बोटाला चिमटा, डोक्याशी टूंटूं करणारं मशीन. काही वेळाने धडधड आटोक्यात आली. आई रिक्षा करून पोचल्या. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या.

आमच्या डॉक्टर बाई आल्या. नवे रिपोर्ट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता काटा उलट बाजूला गेलाय. थायरॉइड जास्त झालंय. गोळी दिली तेवढीच घेताय ना?"

"हो."

"आणखी काही चालू आहे? काढा, चूर्ण, काहीही?"

मी आईंकडे पाहिलं. आई माझ्या पायांशी उभ्या होत्या, चादर सारखी करत. नाही म्हणून टाकावं, पुढे सावकाश बघता येईल, असं मनात आलं. मी तोंड उघडायच्या आत आई बोलल्या.

"मी देते. आस्कंद. रोज. दोन चमचे."

दादा ताडकन वळला. "अहो, तुम्हाला कळतं का काही? आधीच तुमच्या घरात..."

"दादा!" मी ओरडले, तशी मशीनचीही टूंटूं वाढली.

डॉक्टरांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग आईंकडे वळून सावकाश म्हणाल्या, "आजी, अश्वगंधा वाईट नाही. पण काही जणांमध्ये ती थायरॉइड वाढवते. इकडे मीही गोळी वाढवलेली. दोन्ही एकाच दिशेने ओढायला लागले असतील. कशाचा किती वाटा, मलाही सांगता येणार नाही. मी आधीच विचारायला हवं होतं. पुढे कुठलंही चूर्ण, काढा, सुरू करण्याआधी मला सांगायचं. आणि हे मात्र आता बंद."

आईंनी मान डोलावली. त्यांच्या हातात चादरीचं टोक तसंच होतं.

वॉर्डमधले दिवस

हॉस्पिटलात दिवस फार लवकर सुरू होतो. तपमान, बीपी, फरशी पुसणारी बाई, मग इडली. शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याच्या एक मावशी होत्या, सुकी मासळी विकणाऱ्या. दम्याने बेजार, पण बोलणं थांबत नसे. माझे केस विस्कटलेले बघून त्यांनी आपल्या लेकीला सांगितलं, "जा गो, तिची येनी घाल." ती लेक माझ्यामागे बसून निवांत वेणी घालत राहिली. गळून उरलेल्या त्या चार केसांची वेणी. इतक्या हलक्या हाताने कुणी डोक्याला स्पर्श केल्याला किती काळ लोटला होता! अशा छोट्या गोष्टींवर माणूस तगतं.

डिस्चार्जच्या दिवशी दादा म्हणाला, "सामान घेऊन येतो. तुळिंजला चल. वाडीवर आता तुझं कोण आहे?"

"आई आहेत."

"त्यांनी तुला..."

"त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं होतं, दादा. तुम्ही सगळे मला फिरायला जायला सांगत होतात."

त्याने गाडीने मला वाडीवर सोडलं आणि त्या दिवशी चहाही न घेता गेला. पुढे तो निवळला, पण वेळ लागला.

आईंचं गप्प होणं

घरी आल्यावर मला वाटलं, आजार संपला. गोळीची ताकद कमी होऊन बेताची झाली. हात थरथरायचे थांबले. पण आईंनी माझ्यासाठी काही करायचं सोडून दिलं. भातसुद्धा मी वाढून घ्यायची. चहा ठेवला तर त्या स्वतःपुरता ठेवायच्या. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले की त्या अंगणात जायच्या. मला राग आला. एवढं काय, मी कुठे दोष दिला?

शेवटी मी अंगणात त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "आई, माझ्यावर रागावलात?"

त्यांनी दोन्ही तळहात समोर धरून बघितले. "माझ्या हातात काय तरी हाय," त्या म्हणाल्या. "त्याला काढा दिला, तो गेला. तुला आस्कंद दिलं, तुझं पन काळीज धडधडलं. आता माझ्या हातचं कोनी काय खाऊ नये."

"हेमंतला हार्टचं होतं. काढ्याने नाही गेला तो."

"काढा दिला नसता तर डॉक्टरकडे गेला असता. बरं वाटतंय म्हनाला काढ्यानं. दोन दिवस बरं वाटलं त्याला."

खोटं मला बोलवेना, आणि खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला. कितीतरी दिवस त्या तशाच होत्या.

केळी

गोळी बेताची झाल्यावर काही आठवड्यांनी माझ्यावरची ती ओली गोधडी खरोखर उठली. मला वाटलं होतं, ती उठली की खाली मी सापडेन, पूर्वीची.

शाळेतून निघाले होते. तुळिंजच्या बाजारात केळ्यांची गाडी उभी होती. वाडी दुसऱ्याकडे गेल्यापासून घरात केळी नव्हती, म्हणून थांबले. गाडीवाला म्हणाला, "ले लो दीदी, वसई का केला है. एकदम मीठा." लग्नानंतर मी कधी केळी विकत घेतली नव्हती. फणी हातात घेतली आणि कळलं की हेमंत मेलाय. तो नाही. तो कधीच येणार नाही. इतके महिने हे मला माहीत होतं. कळलं ते तिथे, त्या गर्दीत, हातात केळी घेऊन. मी मोठमोठ्याने रडायला लागले. गाडीवाल्याने आपलं स्टूल पुढे केलं. तो गिऱ्हाइकांना हाताने बाजूला करत राहिला.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगितलं, "तुमच्या औषधाने माझं दुःख वाढलं." त्यांनी मला समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. मी अजून जाते. त्याचा उपयोग होतो. थायरॉइडवाल्यांचं मन उदास का होतं याचं एकच कारण सगळे शोधत असतात. माझ्याकडे दोन होती, आणि दोन्हींची औषधं वेगळी निघाली.

आईंची तपासणी

त्याच भेटीला मी आईंना बळेच बरोबर नेलं होतं. जिना चढताना त्या थांबत होत्या, आणि थांबणाऱ्या माणसाकडे बघून मला आता गप्प बसवत नाही. त्या कुरकुरल्या, "माझं काय बघायचंय? माझं वय झालं." तरी डॉक्टरांनी त्यांना खाटेवर झोपवलं, ईसीजी काढला, बीपी बघितलं, रक्त घेतलं. आई छताकडे बघत, मुठी आवळून पडल्या होत्या. मी बाजूला उभी होते आणि मनात म्हणत होते, हिला काही निघू नये.

डॉक्टरांनी पट्टी सरकवून नीट बघितली आणि हसून म्हणाल्या, "आजी, गुडघे तेवढे दमलेत. हृदय मात्र अगदी तरण्या माणसासारखं आहे. काही काळजी नाही."

मला केवढं हलकं वाटलं! मी त्यांना हात देऊन उठवलं, पदर नीट केला, बाहेर आणलं. बाहेरच्या बाकावर त्या एकदम खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली.

"आई? काय होतंय?"

त्यांनी छातीवर तळहात ठेवला आणि दाबून धरला, आत काय आहे ते चाचपावं तसा.

"एवढं चांगलं मला कशाला दिलं देवानं?" त्या म्हणाल्या. "त्याला द्यायचं होतं. मी काय करू याचं?"

मी शेजारी बसले. या वेळी त्यांनी हात सोडवून घेतला नाही. नंबर लावून बसलेली माणसं आमच्याकडे बघत होती, आणि आम्ही दोघी सगळ्यांच्या देखत रडलो. हेमंत गेल्यापासून पहिल्यांदाच, एकत्र.